तळव्याचं काळं आणि आजीचा हात

प्रिय ओवी,

काल झोपताना तू विचारलंस, "नागपूरला आजी माझ्या तळपायांना वाटीनं तूप का घासायची? तूप काळं झालं की म्हणायची, बघ किती उष्णता निघाली. उष्णता काळी असते?" मी "झोप आता" म्हणत दिवा घालवला. मला ते रात्रभर लागून राहिलं, म्हणून सकाळी लिहायला बसले.

उष्णता काळी नसते. ती वाटी काशाची, म्हणजे तांबं आणि कथील मिळून झालेल्या धातूची. घासताना धातूचा अगदी बारीक अंश तुपात उतरतो आणि तूप काळपट होतं. तूप लावलेल्या फडक्यावर वाटी घासलीस, तर फडकंही काळं होईल.

तरी आजीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मे महिन्यातलं नागपूर तू पाहिलंस. पारा 45 च्या वर, कूलर रात्रभर घरघरतोय, गच्चीची फरशी रात्रीही गरम. तू नुसती कूस बदलत होतीस. आजी म्हणाली, "काहून झोप नाही येऊन राहिली? आण पाय इकडे." दहा मिनिटांत तुझा डोळा लागला. ते काम तिच्या हाताचं.

आपल्या हातांच्या, पोटऱ्यांच्या, पाठीच्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात की त्यांना मऊ, सावकाश स्पर्शच कळतो, सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटीमीटर सरकणारा. घाईनं चोळलं तर ते फारसे जागे होत नाहीत. वाटी ठेवून आजी पोटऱ्यांवरून हात फिरवते तो याच चालीनं. हळूहळू, जरा दाब देऊन मालिश केली की हृदयाचे ठोके मंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात.

तू झालीस तेव्हा आजी तिळाचं तेल घेऊन इथं आली होती. सव्वा महिना तिनं तुला न्हाऊ-माखू घातलं आणि मी दाराशी धास्तावून उभी. मग अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांचा 1986 चा अभ्यास वाचनात आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना 15 मिनिटं, दिवसातून 3 वेळा, 10 दिवस मालिश केली, तर त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं आणि ती सुमारे 6 दिवस आधी घरी गेली. त्यानंतर मी आजीजवळ बसून शिकले. फक्त तुझ्या नाकाकानात तेल घालू दिलं नाही. ते आजही देणार नाही.

मालिशनं कंबरदुखीला, मनाच्या ताणाला उतार पडतो, पण तो फार दिवस टिकत नाही. म्हणून ती नेमानं हवी, दिवाळीच्या पहाटेपुरती नको. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानं अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, रोज करायला सांगितलं, डोकं, कान आणि पाय यांना तर विशेष. अजीर्ण झालेलं असताना करू नये, हेही त्यानंच सांगितलं. मी एक भर घालते: एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.

निघताना आजीनं ती वाटी माझ्या साड्यांच्या घडीत ठेवली होती. शनिवारी पोहून आलीस की आधी तुझे पाय, मग माझे.

तुझी,
आई