मुंबईत आवाजावर काम करणारे डॉक्टर, गायक, इंजिनियर एकत्र कसे आणता येतील?

तुम्ही स्पीच थेरपी शिकताय आणि या सगळ्यांचा एक अभ्यासगट उभा करायचाय. सुरुवात परिषद भरवून करावी की संस्था नोंदवून, असं तुम्ही विचारलंय. मी व्हॉइस थेरपिस्ट आहे. माझ्या मते इतक्यात दोन्ही नको. आधी असा एक प्रश्न धरा, जो कुणा एकट्याला सुटणारच नाही.

उदाहरणार्थ, शाळेतल्या बाईंचा आवाज सारखा का बसतो? कान-नाक-घशाचे डॉक्टर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल पाहण्याची तपासणी) करून स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवतील. आपण श्वास आणि बोलण्याची पद्धत सुधारू. पण वर्गाची खिडकी भर रस्त्यावर उघडते, वर पंखे घरघरतायत, समोर वर्गभर मुलं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच मांडलं होतं. बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात, म्हणजे निव्वळ तासाभराच्या आवाजाला ७ लाखांहून जास्त आघात. थेरपी संपवून बाई पुन्हा त्याच वर्गात उभ्या राहणार असतील, तर ध्वनिशास्त्र जाणणारा आर्किटेक्टही गटात हवा. आणि स्वतः बाई हव्यातच.

माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय. स्वरयंत्र काढावं लागलेल्या रुग्णांना पुन्हा बोलतं करण्याचं काम परळला टाटा मेमोरियलमध्ये चालतं. पवईच्या आयआयटीत बोलण्याच्या आणि गाण्याच्या ध्वनीवर संशोधन होतं. शिवाय डबिंग कलाकार, कीर्तनकार, गाण्याचे क्लास घेणारे गुरुजी.

या शेवटच्या मंडळींना ‘नमुना’ म्हणून बोलावू नका, ही माझी कळकळीची विनंती. जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात हे आरशात पाहून ज्यांनी नीट मांडलं, ते मॅन्युएल गार्सिया गाणं शिकवायचे. १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून त्यांनी स्वतःच्याच घशात पाहिलं, आणि पुढच्या वर्षी ती निरीक्षणं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेली. आपल्याकडे अशोक दा. रानडे स्वतः गाणारे होते, मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते, आणि आवाज कसा घडवायचा याचा शास्त्रशुद्ध विचार त्यांनी मराठीत केला. म्हणून प्रश्न ठरवतानाच गायकांना बसवा. शोधनिबंधात त्यांचं नाव लेखक म्हणून घाला. शिकवण्या बुडवून येणार असतील तर मानधन द्या. इंजिनियरला निबंध मिळतो, डॉक्टरांना अनुभव. गुरुजींच्या पदरात काय पडतं, हे कुणी विचारत नाही आणि मग ते दुसऱ्या बैठकीला येत नाहीत.

पहिल्या बैठकीत भाषणं नकोत. परवानगी घेतलेलं एकच रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून ऐका आणि प्रत्येकाला काय ऐकू आलं ते सांगू द्या. डॉक्टरांना जो घोगरेपणा वाटतो, तो लोकनाट्यातल्या कलाकाराला हवासा असू शकतो. हा वाद मनसोक्त होऊ द्या, संशोधनाचे खरे विषय त्यातूनच निघतात.

रेकॉर्डिंगची पद्धत मात्र पहिल्याच महिन्यात ठरवून टाका. माइक तोंडापासून ठरलेल्या अंतरावर, फाइल वेव्ह (WAV) म्हणजे न दाबलेल्या स्वरूपात, लांबवलेला ‘आ’, तोच मराठी उतारा, थोडं मोकळं बोलणं. व्हॉट्सॲपवरचे आवाज चालणार नाहीत. फाइल लहान करायला ते दाबले जातात आणि बारीक तपशील हरवतो. विश्लेषणाला प्रात हे ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तऱ्हेने घेतलेले आवाज एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते.

जागा दादरच्या आसपास बघा, मध्य आणि पश्चिम दोन्हीकडच्यांना सोयीची पडते. वार रविवार, पण आधी मेगाब्लॉक बघून घ्या.

आणि संमतीपत्र मराठीतच करा. आवाजावरून माणूस ओळखू येतो, नुसतं नाव खोडून भागत नाही. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, किती काळ ठेवणार, नंतर नको वाटलं तर काढून टाकता येईल का, हे त्यात स्पष्ट असू द्या. तुमच्या कॉलेजची नैतिकता समिती हेच आधी विचारेल, तेव्हा एकही आवाज टिपण्याआधी तिच्याकडे अर्ज करा.