पट्टी काढू नका, रंग देऊ नका

प्रश्न : काका, भवानी पेठेतल्या एका गोदामात विल्यम्स कंपनीचं १९८९ सालचं पिनबॉल मशीन, म्हणजे काचेखालच्या फळीवर गोळी टोलवायच्या खेळाचं मशीन, विकायला आहे. आतल्या चिपवर हातानं लिहिलेलं स्टिकर आहे, सिरियल नंबरची पट्टी नाही. मालक म्हणतात, "प्रोटोटाइप आहे, म्हणजे उत्पादनाआधीचा नमुना, जगात दोन-चारच असतील." चार लाख मागतात. एवढी किंमत असते का? घेतलंच तर आधी रंगकाम करून घेऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी रंगकामाचं. कृपा करून हात लावू नका.

तीसेक वर्षांपूर्वी असंच एक मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. गोळी फिरते त्या फळीत लाकडी बुचांनी बुजवलेली दोन भोकं होती, शेजारी पेन्सिलीच्या खुणा. मला तो दोष वाटला. मी लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, वरून रंग दिला. मालक खूश झाले. कारखान्यात गोळी आदळायचं एखादं टार्गेट जागेवरून हलवलं की अशीच भोकं मागे राहतात, हे मला फार नंतर कळलं. तो पुरावा मी माझ्या हातानं पुसला, आणि त्याचं दुःख अजून गेलेलं नाही.

शिकागोच्या पिनबॉल कारखान्यांत नवा खेळ आधी कोऱ्या लाकडावर जुळवत. त्याला व्हाइटवूड म्हणतात. मग मोजके नमुने बनवून ते लोकांपुढे ठेवत. गोळी कुठे अडकते, काय तुटतं, ते पाहून पुढचं उत्पादन ठरे. त्यात खर्चापायी काही गोष्टी गळत. १९९३च्या 'ट्वायलाइट झोन'च्या सुरुवातीच्या नमुन्यांत तिसरा चुंबक होता, नंतरच्या मशीनांत तो आला नाही. संग्राहक पैसे मोजतो ते या फरकाचे. म्हणून मालकांना एवढंच विचारा : नेहमीच्या मशीनपेक्षा यात वेगळं काय आहे, दाखवा.

नंबरची पट्टी नसणं हा पुरावा नाही; पट्ट्या गळून पडतात. हातानं लिहिलेलं स्टिकरही एखाद्या दुरुस्तीवाल्याचं असू शकतं, मीच कितीतरी लिहिलीत. बॅटरी घेऊन जा, काच काढून फळी उचला आणि खालून बघा. बुजवलेली भोकं, सर्किट बोर्डावर हातानं ओढलेल्या जादा वायरी, छापील मॅन्युअलमधल्या आकृतीशी न जुळणारी जोडणी, असं दोन-तीन ठिकाणी एकत्र दिसलं तर माझाही श्वास अडकेल. फोटो काढून ठेवा.

दुर्मिळ म्हणजे महाग, हेही सरसकट खरं नाही. 'अ‍ॅडम्स फॅमिली' या खेळाची २०,२७० मशीनं निघाली, तरी त्याला आजही मागणी आहे, कारण खेळ रंगतो. उलट कॅपकॉम कंपनीनं १९९६ मध्ये पिनबॉलचं काम बंद केलं तेव्हा 'किंगपिन'ची नऊ आणि 'बिग बँग बार'ची चौदा मशीनं तेवढी तयार होती. त्यांच्यामागे लोक लागले, कारण आकडा लहान होताच, पण खेळही चांगले होते. पुढे २००७ मध्ये 'बिग बँग बार' नव्यानं काढावं लागलं, एवढी ओढ होती.

तुमच्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फरक दाखवता आला नाही, तर चालू स्थितीतल्या साध्या मशीनचाच भाव द्या. प्रोटोटाइप या शब्दाला वेगळे पैसे नाहीत.

आणि घेतलंत तर ते स्टिकर काढू नका. त्या चिपला ईप्रॉम म्हणतात. तिच्या काचेतून अतिनील किरण आत गेले की प्रोग्रॅम पुसला जातो, स्टिकर ती काच झाकतं. इतक्या वर्षांनी आतला मजकूर आपोआपही उडू शकतो. प्रोग्रॅम वेगळा असेल, तर मशीनचं सगळं वेगळेपण कदाचित त्या चिपमध्येच असेल. म्हणून मशीन चालू करण्याआधी जाणत्या माणसाकडून चिप वाचून तिची प्रत करून घ्या. बोर्डावरचे तीन पेन्सिल सेल त्याच दिवशी काढा. ते पाझरले की तांब्याच्या रेघा खातात.

प्रश्न : अमेरिकेतून आलेलं मशीन घरच्या प्लगला थेट लावलं तर चालेल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. ते तिकडच्या ११५ व्होल्टवर जोडलेलं असतं. बऱ्याच मशीनांत ट्रान्सफॉर्मरच्या कनेक्टरवरच्या जोडण्या बदलून ते २३० व्होल्टवर आणता येतं, सोबत फ्यूजही बदलावा लागतो. कॅबिनेट उघडून हे पाहिल्याशिवाय प्लग लावू नका.