विरंगुळा केंद्रात काम करणाऱ्या तरुण मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. केंद्रातल्या कामात आता हात बसला आहे, पुढे कोणता अभ्यासक्रम करावा, असे तू विचारले आहेस आणि सोबत तीन जाहिरातीही पाठवल्या आहेस. अभ्यासक्रमांविषयी पुढे लिहिते, पण माझे मत आधीच सांगून टाकते. समोरच्या ज्येष्ठाला काय करता येते आणि कालपर्यंत येत असलेले काय आज येईनासे झाले आहे, हे पाहण्याची, मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय ज्याला लागते तोच या क्षेत्रात पुढे जातो. ती नसेल, तर प्रमाणपत्रे जमत जातात आणि आपण मात्र वाढदिवस आणि सहली आखणारेच राहतो.

सुरुवात खुर्चीपासून कर. हात नसलेली, ताठ पाठीची, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. ज्येष्ठाने दोन्ही हात छातीवर घेऊन बसावे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येईल तितक्या वेळा ते करावे. उठताना हाताचा आधार घ्यावाच लागला, तर गुण शून्य धरतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला दहा वेळा आणि पुरुषाला बारा वेळाही उठता आले नाही, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजतात. ते कोष्टक तिकडच्या लोकांवरून बेतलेले असल्यामुळे मी ते केवळ इशारा म्हणून पाहते आणि खरी तुलना त्याच व्यक्तीच्या तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करते. शिवाय आकडा मोजता मोजता डोळे उघडे ठेव: उठण्यापूर्वी अंग पुढे-मागे झुलवून जोर घ्यावा लागतो का, गुडघे आत वळतात का, सगळा भार एकाच पायावर येतो का, बसताना शेवटी धपकन टेकतात का. एखाद्या आजींच्या बाबतीत आकडा तोच राहतो, पण बसणे सावकाश आणि ताब्यात येऊ लागते. ही प्रगतीच आहे आणि तिची नोंद झालीच पाहिजे.

खुर्चीवर मात्र थांबू नकोस. आपल्याकडच्या बहुतेकांचे आयुष्य जमिनीवर मांडी घालून जेवण्यात, पूजेला बसण्यात आणि भाजी निवडण्यात गेलेले असते. गुडघे दुखू लागले की घरचे लोक प्रेमानेच खुर्ची पुढे करतात आणि काही वर्षांत जमिनीवरून उठण्याचे कसब हातचे जाते. मग बाथरूममध्ये पडल्यावर हाड मोडलेले नसतानाही माणूस तासन् तास तसाच पडून राहतो, कारण उठायचे कसे हेच शरीर विसरलेले असते. म्हणून ज्यांना डॉक्टरांची हरकत नाही, त्यांना हे टप्प्याटप्प्याने पुन्हा शिकव. आधी कुशीवर वळणे, मग कोपरावर आणि हातावर भार घेऊन गुडघ्यांवर येणे, जड खुर्चीपर्यंत रांगत जाणे, दोन्ही हात तिच्या बैठकीवर टेकणे, जो पाय अधिक भरवशाचा आहे तो पुढे रोवणे आणि शेवटी वळून त्याच खुर्चीवर बसणे. गुडघ्यांखाली जाड घडीची सतरंजी असावी आणि पहिले काही दिवस तू अगदी शेजारी असावेस. सांधा बदललेल्यांना यातले काय चालेल हे त्यांच्या शल्यविशारदाला विचारल्याशिवाय ठरवू नकोस.

तुमच्या केंद्राच्या साप्ताहिक वेळापत्रकात हास्ययोग, टाळ्या, प्राणायाम आणि भजन आहे, ताकदीचा व्यायाम कुठेच नाही. गप्पा आणि हसणे यांचे मोल मी कमी लेखत नाही, कारण त्यासाठीच निम्मे लोक घराबाहेर पडतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारा व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. वय झाल्यावर स्नायू बळकट होत नाहीत असे कोणी सांगितले, तर त्यांना बोस्टन येथील १९९० सालचा प्रयोग सांग. वृद्धनिवासात राहणाऱ्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना पायांसाठी खऱ्या अर्थाने जड वजनांचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी आठ आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो गट लहान होता आणि देखरेख कडक होती, हेही सांगायला विसरू नकोस. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच, की वजन क्रमाक्रमाने वाढले पाहिजे. वर्षभर तीच पाण्याची अर्धा लिटरची बाटली उचलून हाताला सवय होते, ताकद येत नाही. आणि सकाळी चहा-खारी, रात्री दूध-पोळी एवढ्यावर दिवस काढणाऱ्याला व्यायामाचा लाभ कमीच मिळणार. तेव्हा उसळ, वरण, दही, अंडी यांपैकी काय पोटात जाते याची चौकशीही तुझ्याच कामात मोडते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ती चर्चा आहारतज्ज्ञाकडे सोपव.

स्मृती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती या सहा गोष्टींची प्राथमिक चाचपणी कशी करावी, याची जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची पुस्तिका विनामूल्य मिळते, ती आधी वाच. यांतल्या श्रवणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे माझे निरीक्षण आहे. गटात गप्प बसणारे, प्रश्नाला भलतेच उत्तर देणारे आजोबा ‘आता विसरायला लागलेत’ असे सारे म्हणू लागतात. प्रत्यक्षात कानात घट्ट मळ साचलेला असू शकतो, किंवा यंत्र घेतलेले असते आणि त्याची बॅटरी कधीच संपलेली असते. स्मृतीची कोणतीही चाचणी करण्यापूर्वी त्या माणसाला तुझे बोलणे ऐकू येते आहे याची खात्री करून घे. पंख्याच्या घरघरीत, पाठमोरे उभे राहून सूचना देत जाऊ नकोस.

आता तुझ्या अधिकाराच्या सीमेविषयी. गोळ्यांना आपण हात लावायचा नाही, मग ते काका कितीही आग्रह करोत. आपले काम डॉक्टरांना उपयोगी पडेल असे लिहून देणे हे आहे. ‘अशक्तपणा वाटतो, कृपया तपासावे’ या चिठ्ठीने काहीच साधत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘वय ७८. सहा महिन्यांत दोनदा पडल्या, दोन्ही वेळा पहाटे अंथरुणातून उठताना. पाच मिनिटे झोपून घेतलेला रक्तदाब १४२/८०, उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११६/७०, त्या वेळी चक्कर. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि झोपेची एक गोळी चालू आहे.’ उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर ती घट दखलपात्र असते. अशी नेमकी चिठ्ठी हाती आली, की गर्दीच्या दवाखान्यातले डॉक्टरही थांबून औषधांची यादी पाहतात आणि पुढच्या वेळी तुझा फोन घेतात.

कायद्याची जुजबी ओळखही हवी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ चा आहे आणि त्याखालील न्यायाधिकरण आपल्या राज्यात उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अंगावरचे वळ, अचानक बंद झालेले पेन्शनचे पासबुक, सून किंवा मुलगा समोर आला की थांबणारे बोलणे, यांतले काही दिसले, तर चारचौघांत चौकशी न करता त्या ज्येष्ठांना एकटे असताना भेट आणि त्यांच्या संमतीशिवाय कोणतेही पाऊल उचलू नकोस. याच कारणासाठी केंद्रातल्या लोकांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकण्याचा तुमचा रिवाज मला पटत नाही. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला शाल-श्रीफळावर होणाऱ्या खर्चातून व्यायामासाठी हातापायाला बांधायच्या वजनपट्ट्या आणि दोन भक्कम खुर्च्या आल्या असत्या, हेही समितीच्या कानावर घाल. रागावतील थोडे.

राहिले अभ्यासक्रम. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेतर्फे वृद्धसेवेचे प्रशिक्षण दिले जाते, त्याची माहिती काढ. तू पाठवलेल्या तिन्हींना एकच प्रश्न विचार: प्रत्यक्ष ज्येष्ठांबरोबर किती तास काम करायचे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली? याचे उत्तर गुळमुळीत आले, तर फी भरू नकोस. त्याहून अधिक शिकशील ते आसपासच्या केंद्रांतल्या चार सहकाऱ्यांना महिन्यातून एकदा जमवून. प्रत्येकाने नाव न सांगता एक अडलेले प्रकरण मांडायचे आणि बाकीच्यांनी सल्ला देण्याआधी फक्त प्रश्न विचारायचे. ओळखीची फिजिओथेरपिस्ट किंवा निवृत्त परिचारिका अधूनमधून येऊन बसली, तर उत्तमच. केंद्रातले कोणी ज्येष्ठ वारले, तर त्याविषयी बोलायलाही हीच जागा उपयोगी पडते. घरी आपल्या या दुःखाला कोणी फारसे विचारत नाही.

पहिल्या तिमाहीत सगळ्यांच्या चाचण्या घेण्याच्या फंदात पडू नकोस. सहा जण निवड, त्यांत निदान एक तरी असा असावा जो गटात कधीच बोलत नाही, आणि त्यांच्या नोंदी नावे वगळून मला पाठव. खुर्चीच्या आकड्याशेजारी, त्या माणसाला स्वतःला पुन्हा काय करता यायला हवे आहे, हे त्याच्याच शब्दांत लिहायला विसरू नकोस. नातवंडाला उचलायचे आहे की एसटीची पायरी चढायची आहे, यावर व्यायाम ठरेल आणि तो आपण दोघी फोनवर बसून ठरवू.

तुझी,
एक ज्येष्ठ सहकारी