मालकाला 73, तुम्हाला 78: मधले पाच लाख कोणाचे?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सिंहगड रस्त्यावरच्या 2004 सालच्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट. एजंटने भाव सांगितला 78 लाख: 73 लाख चेकने आणि पाच लाख रोख, 'मालकाची अट आहे' म्हणून. दोन लाखांचं टोकन तुम्ही एजंटच्याच खात्यात भरलंत. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मालकांचा नंबर मिळाला, आणि सांगलीला राहणारे ते काका म्हणाले, "मला 73 च हवेत, सगळे एक नंबरचे. टोकनचा एक रुपया माझ्यापर्यंत आलेला नाही." आता एजंट आठ दिवसांत पाच लाख मागतोय, नाहीतर टोकन बुडालं म्हणतो. निमूट पैसे देऊन घर पदरात पाडून घ्यावं, की दोन लाखांवर पाणी सोडून बाजूला व्हावं, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीच करू नका. घर चांगलं आहे, माणूस खोटा आहे. या दोन गोष्टींचे निर्णय वेगवेगळे घ्या.

आधी घर. इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सरकारी उताऱ्याच्या, ज्या तीन नोंदी तुम्ही पाठवल्यात, त्यांत याच सोसायटीतले एवढेच फ्लॅट गेल्या वर्षी 71 ते 74 लाखांना गेलेत. म्हणजे 73 हा रास्त भाव आहे. बँक कर्ज देणार ते करारातल्या रकमेवर, जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 58 लाख 40 हजार. तुमचे 14 लाख 60 हजार लागतील. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिलांच्या सवलतीमुळे मुद्रांक शुल्क सात ऐवजी सहा टक्के, म्हणजे 4 लाख 38 हजार. नोंदणीचे 30 हजार. एकूण 19 लाख 28 हजार. तुमच्याकडे एफडीत 21 लाख आहेत, म्हणजे घर बसतंय. ओढाताण होते ती त्या रोख पाच लाखांमुळेच. त्यासाठी तुम्ही लेकीच्या शिक्षणाचे म्युच्युअल फंड मोडायला निघाला होतात, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ते पाच लाख दहा टक्क्यांनी 12 वर्षं वाढले तर साडेपंधरा लाखांच्या वर जातात. आणि रोख दिलेली रक्कम करारात नसते. उद्या घर विकताना ती खरेदी किमतीत धरता येणार नाही, म्हणजे सध्याच्या साडेबारा टक्के दराने त्या पाच लाखांवर 62,500 रुपये कर तुम्ही भराल, वर सेस. दुसऱ्याने खाल्लेल्या पैशावर!

आता टोकन. टोकन म्हणजे विसार. तो बुडतो मालकाशी झालेल्या व्यवहारात, आणि तोही मालकाकडे. इथे मालकाला पैसे पोचलेलेच नाहीत, विसारपावतीवर त्यांची सही नाही. एजंट कुठल्या हक्काने जप्त करणार? तुम्ही आरटीजीएसने भरलेत हे फार बरं झालं, बँकेची नोंदच पुरावा आहे. तरीही हिशोबात हे दोन लाख सध्या अडकलेले धरा. एफडीतून सगळं देऊन तुमच्या हातात 1 लाख 72 हजार उरतात. नव्या हप्त्याच्या पहिल्या वर्षात ही शिल्लक मला तुटपुंजी वाटते, म्हणून ते दोन लाख सोडून देऊ नका.

दलालीचं तुम्ही संकोचाने विचारलंत. त्याने घर तर दाखवलं, मग दोन टक्के द्यावे लागतील का? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 220 म्हणतं, की ज्या कामात एजंटने गैरवर्तन केलं त्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क त्याला राहत नाही. इथे त्याने भावच खोटा सांगितला, म्हणजे व्यवहाराच्या मुळाशीच खोट आहे. मला विचाराल तर एक रुपया देऊ नका.

बरेच जण अशा वेळी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, धावतात. एजंटची महारेरा नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. 2004 च्या इमारतीतला रीसेल फ्लॅट त्यात येत नाही. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. फसवणुकीची पोलीस तक्रारही करता येते. पण आधी वकिलाची नोटीस पाठवा, 15 दिवसांत दोन लाख परत मागणारी. नोटीस हातात पडली की पुष्कळ जणांचा आवाज खाली येतो, हे मी पाहिलंय. तोवर त्याच्याशी फोनवर बोलू नका, जे काय ते व्हॉट्सॲपवर लेखी.

येत्या रविवारी सांगलीला जा, यजमानांना घेऊन. काकांना सगळं उघड सांगा. फसवणूक त्यांचीही चालली होती. मूळ खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि त्यांचा पॅन पाहा, विसारपावती थेट त्यांच्याशी करा, रक्कम 73 लाख लिहा, चेक त्यांच्याच नावे द्या. लाखभर विसार पुरे. किंमत 50 लाखांच्या वर असल्यामुळे प्रत्येक रक्कम देताना एक टक्का टीडीएस कापून भरायचा आहे, तेही त्यांना आधीच सांगून ठेवा. काका एजंटशिवाय व्यवहाराला तयार नसतील, किंवा कागद दाखवायला टाळाटाळ करतील, तर चहा घेऊन परत या आणि दुसरं घर बघा. दोन लाख अडकलेत म्हणून 73 लाखांचा व्यवहार रेटू नका. नोटीस मात्र दोन्ही परिस्थितींत सोमवारी जाऊ दे.