वेलाची फरसबी : परसबागेसाठी कोणतं वाण घ्यावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पुण्यात घरामागे १० बाय ४ फुटांचा वाफा आहे, त्यात वेलावर चढणारी फरसबी लावायची तर वाण कोणतं? आणि गेल्या फेब्रुवारीत ‘वेल घेवडा’ लिहिलेलं पाकीट आणून लावलं, मांडवभर पाला झाला, पण जूनपर्यंत एक शेंग धरली नाही, शेवटी वेल उपटून टाकला, ते असं का झालं?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण वाण निवडताना सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. तुम्ही लावलेली बहुतेक फरसबी नव्हतीच. आपल्याकडे ‘घेवडा’ हे नाव दोन अगदी वेगळ्या झाडांना चालतं. एक श्रावण घेवडा, म्हणजे फरसबी. ही राजम्याचीच जात. दुसरा वाल-पावट्याच्या गोतातला घेवडा. या दुसऱ्याच्या बहुतेक गावरान वेलांना दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलं येत नाहीत. फेब्रुवारीत लावा की जूनमध्ये, फुलोरा यायचा तो पावसाळा सरल्यावरच. तुमच्या वेलाला काहीही झालेलं नव्हतं. ठेवला असता तर दिवाळीनंतर लगडला असता.

म्हणून पाकीट फोडलं की पेरायच्या आधी बी तळहातावर घेऊन बघा. वालाच्या बीला एका कडेने लांबट, उठून दिसणारी पांढरी रेघ असते. फरसबीचं बी राजम्याच्या दाण्यासारखंच, जरा सडपातळ. त्याच्या आतल्या बाकात मधोमध एक छोटा ठिपका असतो, रेघ नसते. बी बघायचं राहून गेलं आणि वेल फुलावर आला, तर फूल सांगतं. वालाच्या फुलांचे तुरे पानांच्या वर ताठ उभे राहतात, फरसबीची फुलं पानांच्या बेचक्यात दोन-चार अशी लपलेली असतात. फुलाच्या आतली होडीसारखी पाकळी अलगद सोडवून पाहा. फरसबीत ती शंखासारखी पिळलेली असते, वालात काटकोनात वर वळलेली.

दुसरी फसगत दुकानात होते. ‘फरसबी द्या’ म्हटलं की हातात पडतं ते अर्का कोमल, कंटेंडर किंवा पुसा पार्वती. तिन्ही वाणं चांगली आहेत, पण झुडुपी आहेत. दीड-दोन फुटांवर थांबतात. त्यांच्यासाठी आठ फुटी बांबू रोवून काही उपयोग नाही. ‘ब्लू लेक’ हे नाव तर दोन्ही प्रकारांत येतं, आणि पुढे २७४ हा आकडा असेल तर ते झुडुपी. पाकिटावर ‘पोल’ किंवा ‘वेलवर्गीय’ हा शब्द स्पष्ट असेल तरच घ्या.

आता वाण. पुण्यासाठी माझी पहिली पसंती अर्का सुकोमल. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं हे वेलवर्गीय वाण तांबेरा रोगाला प्रतिकारक आहे. पावसाळी लागवडीत एवढा एक गुण बाकी सगळ्यांवर भारी पडतो, कारण ऑगस्टच्या झडीत इतर वाणांची पानं तांबेऱ्याने वाळत असतात तेव्हा हा वेल हिरवा राहून शेंगा देतो.

दुसरं केंटकी वंडर. १९व्या शतकापासून टिकून असलेलं अमेरिकन वाण, आपल्याकडेही सहज मिळतं. बी तपकिरी, शेंगा घोसाने येतात, लांब, मांसल, किंचित वाकड्या. चवीला मला हीच फरसबी सगळ्यात भरीव वाटते. पण अट एक : शेंग कोवळी असतानाच तोडायची. चार दिवस राहिली की कडेला दोरा धरतो, आणि मग कितीही शिजवा, दाताखाली येतोच. दर दोन-तीन दिवसांनी वाफ्याकडे फिरकणं जमणार नसेल तर हे वाण घेऊ नका.

तिसरं ब्लू लेक, अर्थात वेलाचं. शेंग सरळ, गोल, बोटाएवढी, दोरा जवळपास नाहीच. बारीक चिरून कोशिंबिरीसारखी भाजी करणाऱ्यांना हीच आवडते. याचं बी पांढरं असतं, आणि ते महत्त्वाचं आहे. पांढऱ्या बियांची साल पातळ असते, पाणी भराभर आत जातं, दाणा तडकतो आणि ओल्या मातीत कुजतो. तपकिरी किंवा काळं बी तेवढ्याच ओलीत बरंच तग धरतं. म्हणून पावसाळ्यात अर्का सुकोमल नाहीतर केंटकी वंडर, आणि ऑक्टोबरात ब्लू लेक, अशी विभागणी मी सुचवेन. घरात मुलं असतील तर चार वेल जांभळ्या शेंगांच्या वाणाचे लावा. पाल्यात शेंगा चटकन दिसतात, आणि कढईत पडल्या की रंग जाऊन हिरव्या होतात.

पुसा हिमलता, लक्ष्मी ही नावं वाचनात येतील. ती वेलवर्गीयच आहेत, पण डोंगराळ थंड भागासाठी आहेत. पुण्याच्या अंगणात त्यांच्यामागे लागू नका.

वाण कितीही चांगलं असलं तरी तारीख चुकली की हाती काही लागत नाही. फरसबीला १६ ते २६ अंशांची हवा मानवते. दुपारचा पारा ३२च्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. झुडुपी फरसबी साधारण ३५-४० दिवसांत फुलते आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपते. वेलाची ४५-५० दिवसांनी फुलते, पहिला तोडा ६०-६५ दिवसांनी, आणि पुढे दीड महिना चालते. म्हणजे वेलाला सौम्य हवेची लांब मुदत लागते. जानेवारीत पेरलात तर फुलं नेमकी मार्चच्या उन्हात सापडतात. तेव्हा झुडुपीच लावावी. वेलासाठी पुण्यात जूनअखेर ते जुलैचा मध्य, किंवा २० सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर. कोकणात पावसाळी लागवड टाळा, ऑक्टोबर सरता सरता पेरा. एप्रिल-मेमध्ये वेलावरची शेंग हवीच असेल तर लांब शेंगांची चवळी लावा, तिला ऊन चालतं.

तुमच्या वाफ्यात दोन ओळी बसतील, मध्ये २ फूट अंतर. ओळीत दर १० इंचांवर दोन बिया, दीड इंच खोल. उगवल्यावर त्यातलं एकच रोप ठेवा. एकूण २४ वेल झाले की चौघांच्या घराला पुरे. बी रात्रभर भिजवू नका, फुगून फुटतं. आदल्या दिवशी वाफा भिजवा, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना पेरा आणि कोंब वर येईपर्यंत पाणी बेताने द्या. इतर कडधान्यांच्या मानाने हवेतला नत्र मुळांवर साठवण्यात फरसबी कमजोर आहे, त्यामुळे ‘शेंगवर्गीय आहे, खत कशाला’ हे इथे चालत नाही. चौरस मीटरला ३-४ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आधी मिसळा आणि महिन्याने रोपागणिक मूठभर गांडूळखत द्या. ताजं शेण किंवा युरिया टाकलात तर नुसता पाला माजेल.

आधार पेरणीच्या आधीच उभा करा, नंतर बांबू रोवताना मुळं तुटतात. आठ फुटी बांबू, दीड फूट जमिनीत, दोन्ही ओळींचे शेंडे वर एकत्र बांधून आडवी काठी. वेल चढवायला सुतळी किंवा काथ्या वापरा. गुळगुळीत नायलॉनवरून कोवळा शेंडा घसरतो आणि भिजलेल्या वेलाचा सगळा भार खाली येतो.

पहिले तीन आठवडे खोडमाशीवर लक्ष ठेवा. रोप भर पाण्यातही मान टाकतं, आणि बुंधा जमिनीलगत सुजून चिरलेला दिसतो. आत बारीक अळी असते. अशा रोपाला पहिल्या पानांपर्यंत मातीची भर दिली तर भेगेच्या वर नवी मुळं फुटतात आणि बरीच रोपं वाचतात. फारच गेलेली रोपं उपटून जाळा. तांबेरा ओळखायचा तर पानाची खालची बाजू बोटाने पुसा, बोटाला विटकरी पूड लागते. ती पानं काढून टाका आणि वेल ओले असताना तोडणी करू नका, कारण हातांनीच रोग पसरतो. फुलोऱ्यात वाफा एकदा कडक सुकला तरी फुलं गळतात. तेव्हा मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन असू द्या.

तोडणीची खूण सोपी आहे. शेंग वाकवली की कट् करून मोडली पाहिजे, आणि बाहेरून दाण्याचे उंचवटे दिसता कामा नयेत. दाणे भरू दिलेत तर वेल नवी फुलं धरणं थांबवतो. बी धरायचं असेल तर सगळ्या वेलांवर दोन-दोन शेंगा राखू नका. सर्वांत निरोगी दोन वेल निवडून त्यांना खूण बांधा आणि त्यांची एकही शेंग तोडू नका. फरसबीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी भेसळ क्वचितच होते. शेंग वेलावरच कागदासारखी वाळली आणि दाणा नखाने दबेनासा झाला की काढा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा, म्हणजे भुंगा लागत नाही.