पुढच्या चाकाचं टायर मागच्या चाकाला

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला. घरच्या तीन म्हशी आणि शेजारच्या दोन घरांचं दूध मोटारसायकलवर डेअरीत पोचवतो, त्यावरच घर चालतं. गाडी मे २०१० ची हिरो होंडा स्प्लेंडर, तारांच्या रिमची. पंधरा वर्षं भरत आली म्हणून पासिंगला न्यायची होती. २०२५ च्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी धुळ्याच्या एका दुकानात मागचं टायर नि ट्यूब बदलली. १,९५० रुपये फोनवरून दिले. पक्कं बिल मागितलं तर शिक्का नसलेली 'एस्टिमेट'ची चिठ्ठी दिली. आरटीओत गाडी पास झाली. आषाढात टायरच्या बाजूला बारीक तडे दिसले, मग एका जागी फुगा आला. दुकानदार फोनवर म्हणाला, 'चालू द्या.' श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी परत येताना टायर फुटलं, मी पडलो, डावा हात मोडला. आता दुकानदार म्हणतो, 'विकलेला माल परत नाही, जास्त लोड टाकला तुम्ही, आणि केस करायची तर धुळ्याला या.' वर सांगतो, टायर आणून द्या, कंपनीला पाठवून बघतो. पंक्चरवाला म्हणतो, हे पुढच्या चाकाचं टायर आहे. साईज मात्र बरोबर आहे. फोटो पाठवत आहे. डेअरीवरचे लोक पाच लाखांचा दावा टाक म्हणतात. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी एक काम करा. ते फुटकं टायर गोणीत बांधून माळ्यावर टाका आणि कुणालाही देऊ नका. दुकानदाराला नाही, कंपनीच्या माणसाला नाही, भंगारवाल्याला तर नाहीच. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने असंच टायर 'क्लेमला पाठवतो' म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हवाली केलं. पोच घेतली नाही. टायर परत आलं नाही, आणि नोटिशीच्या उत्तरात दुकानदाराने लिहिलं की असं कुठलं टायर आपण पाहिलंच नाही. कंपनीला तपासायचंच असेल तर तिच्या माणसाने तुमच्या घरी यावं, तुमच्यासमोर बघावं, आणि काय पाहिलं ते लिहून द्यावं.

तुमच्या पंक्चरवाल्याला मानलं पाहिजे. तुमचा चौथा फोटो मी मोठा करून पाहिला. तुम्ही अक्षरांवर खडू घासलात ते फार बरं केलंत, सगळं वाचता येतं. साईज २.७५-१८, आणि त्याच्या पुढे ४२पी. या गाडीला कंपनीने पुढे-मागे दोन्हीकडे २.७५-१८ च दिलंय, पण पुढे ४२पी आणि मागे ४८पी. त्यातला 'पी' वेगाचा, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. तो दोन्हींवर सारखाच. आकडा वजनाचा आहे : ४२ म्हणजे ते टायर १५० किलो पेलेल, ४८ म्हणजे १८०. चाकामागे तीस किलोचा फरक. साईज जुळली म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात, आणि दुकानदार आता त्याच साईजच्या आड लपतोय.

दुसरी खूण त्याच फोटोत खाली आहे. लांबट चौकटीतले शेवटचे चार आकडे, २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. तुम्हाला विकलं तेव्हा टायर सहा वर्षांचं होत आलं होतं. औषधाच्या पाकिटावर असते तशी टायरला कायद्याने एक्स्पायरी ठरवलेली नाही, त्यामुळे केवळ जुनं म्हणून दावा जिंकाल असं मी सांगणार नाही. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात सहा वर्षं टांगलेलं रबर तीन महिन्यांत तडकलं, याचं उत्तर विकणाऱ्यालाच द्यावं लागेल. नवा माल म्हणून पैसे घेतले असतील तर तारीख सांगायची जबाबदारीही त्याचीच होती.

आता कायदा. तुमच्याविरुद्ध पहिला आक्षेप येईल की तुम्ही ग्राहकच नाही, दुधाचा धंदा करता. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरायची नाही. पहाटे उठून स्वतः कॅन लादणारा माणूस ग्राहकच आहे. तक्रारीत 'व्यवसाय' या शब्दापुढे 'दूध विक्रेता' एवढंच लिहून थांबू नका. 'स्वतः गाडी चालवून दूध पोचवतो, नोकर नाही, उदरनिर्वाहाचं दुसरं साधन नाही' असं पूर्ण वाक्य लिहा. शेती असेल तर तीही सांगा, लपवलेली शेती सातबाऱ्यावर दिसते.

धुळ्याला जायची गरज नाही. जुन्या कायद्यात ती अडचण होती. नव्यात कलम ३४ खाली तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणजे तुमची जळगावला. कुठल्या पातळीचा आयोग हे तुम्ही किती मागता यावर ठरत नाही, वस्तूला किती मोजले यावर ठरतं. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी शून्य. तुमचे १,९५० रुपये. मुदत दोन वर्षांची. ती फुटल्या दिवसापासून मोजायची की घेतल्या दिवसापासून, हा वाद नको म्हणून घेतल्या दिवसापासूनच धरा, २०२७ च्या आखाजीची वाट बघू नका.

पक्कं बिल नाही म्हणून केस संपत नाही, उलट तोच एक मुद्दा होतो. विकलेल्या मालाचं बिल न देणं कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं, बिलात मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत न करणं, हेही त्याच कलमात बसतं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही भिंतीवरची पाटी या कलमापुढे टिकत नाही. फक्त सावध राहा : तुम्ही तक्रार तीन महिन्यांनी केलीत, त्यामुळे या तीस दिवसांवर सगळी मदार ठेवू नका. चिठ्ठी, फोनवरून पैसे गेल्याची नोंद, बँकेचा उतारा आणि त्या दिवसाचे कॉल, हे एकत्र ठेवलं की खरेदी सिद्ध होते. फोटो मोबाईलमधले असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

तुमचा मुख्य मुद्दा ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८६. माल बनवला नसला तरी जो विकतो, तो वस्तू बसवताना किंवा तपासताना वाजवी काळजी घेत नसेल तर त्याच्यावर उत्पादन दायित्व, म्हणजे त्या वस्तूने झालेल्या इजेची भरपाई द्यायची जबाबदारी, येते. पुढचं टायर मागे बसवणं याहून साधं उदाहरण मला सुचत नाही. शिवाय तुम्ही लिहिलंय की बसवताना तो म्हणाला, 'पुढलं टायर मांगे बी चालस, काही व्हस नही.' हे वाक्य, तेव्हा सोबत असलेल्या तुमच्या मेव्हण्याच्या प्रतिज्ञापत्रात, तो बोलला त्याच अहिराणीत येऊ द्या. प्रमाण मराठीत घासूनपुसून लिहिलं की ऐकणाऱ्याला वकिलाचा वास येतो. अर्थात दुकानदार हे पुढचं टायर आहे हे जाणून होता, हेही त्याच वाक्यातून निघतं.

आता तुमची दुखरी बाजू, कारण समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल. कलम ८७ म्हणतं, वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विकणारा सुटू शकतो. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की दूधच ऐंशी किलोच्या वर, कॅन धरून शंभरीला टेकतं, आणि ते सगळं मागच्या चाकावर. त्यात तुमचं निम्म्याहून जास्त वजन आणि गाडीचं अर्धं मिळवा. दीडशेच्या तर खूप पुढे गेलात, आणि खरं सांगायचं तर १८० सुद्धा ओलांडलं असेल. म्हणजे योग्य टायर असतं तरी ते ताणलं गेलंच असतं. हे आयोगापासून लपवू नका. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की डेअरीत दूध ओतून परत येत होतात, कॅन रिकामे होते. तेच तक्रारीत पहिल्या पानावर हवं. डेअरीच्या मोजणीच्या चिठ्ठीवर वेळ असते, ती शोधा. आधीच्या ओझ्याने टायर कमजोर झालं असं ते म्हणतील, आणि त्यापोटी भरपाई थोडी कापली जाऊ शकते. माझ्या मते कापली जाईल, बुडणार नाही. दूधवाल्याला टायर विकताना मागे कॅन अडकवायच्या कड्या समोर दिसत होत्या, तेव्हा विचारायचं काम कुणाचं होतं?

'आरटीओने पास केली' हे दुकानदाराचं म्हणणं मी फार मनावर घेत नाही. पासिंगला टायरची नक्षी किती खोल आहे ते बघतात, दुचाकीला ती ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नको. कोरं दिसणारं टायर त्यात पास होणारच. वजनाचा आकडा तिथे कुणी खडू घासून वाचत नाही.

तक्रारीत दुकानदारासोबत टायरच्या कंपनीलाही जाबदार करा. तिची चूक असेल असं मला वाटत नाही. पण तिला बाहेर ठेवलंत तर दुकानदार 'दोष कारखान्यातला' म्हणून हात झटकेल. त्याआधी दोघांना एक नोटीस स्पीड पोस्टाने, पोचीसह. कायद्याने सक्ती नाही, पण अर्धी प्रकरणं इथेच मिटताना मी पाहतो. १९१५ या हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवून ठेवा.

पाच लाख मागू नका. दवाखान्याची बिलं, टायर-ट्यूब, गाडीची दुरुस्ती, आणि हात गळ्यात होता त्या दिवसांचं बुडालेलं उत्पन्न. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलांवरून अपघाताआधीची सरासरी निघते, ती काढा. त्यावर मानसिक त्रास आणि खर्चापोटी माफक रक्कम. आकडा फुगवला की खऱ्या बिलांवरचाही विश्वास जातो. दुकानदार दवाखान्याचा खर्च आणि टायर द्यायला लेखी तयार झाला तर मी तुम्हाला घ्या म्हणेन, कारण कायद्यात तीन महिने लिहिले असले तरी प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चाला. विम्याकडून हाताचं काही मिळणार नाही : मालक-चालकाचं १५ लाखांचं कवच मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतं असतं.

गाडी तर उभी ठेवून चालणार नाही, म्हणून नव्या टायरचंही सांगतो. कुणीतरी तुम्हाला आता जाड टायर नि अलॉय चाकं टाकायला सांगतंय. नको. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेले फेरबदल चालणार नाहीत असं म्हटलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तेवढ्याच मापाचं, कंपनीने सांगितलेलंच टायर बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. २.७५-१८, ४८पी, ट्यूबचं, आयएसआय शिक्क्याचं घ्या, आणि रिमवर चढण्याआधी चार आकडे स्वतः वाचा. ते आकडे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. लिहायला कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा, अमळनेरात काय कमी आहेत का. आणि चाळीसच्या जागी वीसचे कॅन लावून दोन फेऱ्या करता आल्या तर बघा, पेट्रोल जाईल पण हात राहील.

जळगावला याल तेव्हा ती गोणी सोबत आणा. एसटीत वरच्या जाळीत नको, पायाशी ठेवा.