लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, तरीही…

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. मिस्टरांचं गलाईचं (सोनं-चांदी गाळण्याचं) दुकान पश्चिम बंगालमध्ये, उत्तर चोवीस परगण्यात होतं. बावीस वर्षं हातपंपाचं पाणी उकळून, गाळून प्यायलो. तीन वर्षांपूर्वी गावी परतलो. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक खडे आलेत, छातीवर ठिपके आहेत. कुरूपं समजून ते ब्लेडनं खरवडतात. कुणी म्हणालं, हे पाण्यातल्या आर्सेनिक नावाच्या विषाचं. पण लघवीची तपासणी नॉर्मल आली. मग कॅन्सरची भीती नाही ना?

उत्तर : ताई, त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. आर्सेनिक बरंचसं चार-पाच दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. रिपोर्ट गेल्या आठवड्यातल्या पाण्याचा आहे, त्या बावीस वर्षांचा नव्हे. केसा-नखांतही ते काही महिनेच सापडतं.

उकळण्यात तुमचं काही चुकलं नाही. जंतू मेलेच. पण आर्सेनिक वाफेबरोबर जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात किंचित दाट होतं. रंग, वास, चव काहीच नाही, तर कळणार कसं?

आता खरा रिपोर्ट म्हणजे त्यांचा तळहात. अंगठा फिरवून बघा. कामाचा घट्टा हत्यार टेकतं तिथं येतो. हे साबुदाण्याएवढे खडे हत्यार टेकत नाही तिथंही लागतात. छातीवरचे ठिपके धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे दिसतात. असेच रुग्ण पाहून कोलकात्याच्या डॉ. क्षितीशचंद्र साहांनी १९८३ मध्ये बंगालच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखलं.

पाणी सुटलं हे फार चांगलं झालं, पण धोका लगेच सुटत नाही. चिलीच्या अँतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं; आपली मर्यादा १० आहे. पाणी शुद्ध झाल्यावरही तिथं फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण कित्येक दशकं चढंच राहिलं.

म्हणून ब्लेड आजच बंद. त्वचारोगतज्ज्ञांना अंगभर तपासू द्या, पुढंही नेमानं दाखवत राहा. खडा वाढला, चिरला, त्यातून रक्त आलं तर तुकडा काढून तपासावाच लागेल. लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही तरी, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. विडी-तंबाखू असेल तर सोडायलाच हवी. आर्सेनिक आणि धूर मिळून फुप्फुसाचा धोका फार वाढवतात. गलाईच्या भट्टीच्या धुराचंही डॉक्टरांना सांगा.

आणि ताई, पत्रभर तुम्ही त्यांचंच लिहिलंत. त्याच पंपाचं पाणी तुम्हीही प्यायलात. मुलं तिथं वाढली असतील तर तीही. उजेडात बसून तुमचेही तळवे बघा आणि तपासणीला सगळेच जा.